वडिलांच्या कार्डावर २०३१ लिहिलंय, मग लायसन्स संपलं कसं? आणि मला हेवी कधी मिळेल?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुमचं वय २३, कारचं पक्कं लायसन्स मिळून आठ महिने झाले. गाव बार्शी, कामासाठी राहता चाकणला, आणि पुढे ट्रकवर जायचं आहे. तोवर ओळखीतल्या एकाचा छोटा हत्ती चालवला तर चालेल का, हा एक प्रश्न. दुसरा वडिलांचा. ते ५२ वर्षांचे, आयुष्य ट्रकवर गेलंय, कार्डावर २०३१ सालची तारीख आहे, तरी कंपनीच्या गेटवर 'लायसन्स दोन महिन्यांपूर्वीच संपलंय' म्हणून त्यांना अडवलं. गेटवाल्याची चूक आहे का, असं तुम्ही विचारताय.

मी माल वाहतुकीच्या धंद्यात आहे आणि ड्रायव्हरांचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम. आधी वडिलांचं बघू, कारण ते आजच्या आज करायचं आहे. तुमचं आणखी चार महिने थांबलं तरी काही बिघडत नाही.

गेटवाल्याची चूक नाही. कार्ड हातात घ्या आणि मुदतीच्या जागी नीट बघा. तिथे दोन तारखा असतात. एकीपुढे 'एनटी' आणि दुसरीपुढे 'टीआर' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. एनटी म्हणजे खासगी गाडी, म्हणजे स्वतःची मोटारसायकल, कार. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, म्हणजे पोटापाण्याची गाडी. वडिलांनी मागच्या वेळी लायसन्स रिन्यू केलं तेव्हा ते ४७ वर्षांचे असणार. ३० ते ५० वयात खासगी गाडीची मुदत १० वर्षांची मिळते, म्हणून एनटीपुढे २०३१ आलं. ट्रान्सपोर्टची मुदत मात्र वय काहीही असो, ५ वर्षांचीच असते, म्हणून टीआरपुढे २०२६. माणूस सहज लांबची तारीख वाचतो आणि निश्चिंत होतो. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त जुने ड्रायव्हर मुदत विचारली की एनटीचीच तारीख सांगतात. यात त्यांचा दोष कमी आणि छपाईचा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्या तारखेवर घर चालतं ती ठळक हवी होती.

आता महत्त्वाचं. रिन्यू होईपर्यंत वडिलांनी ट्रकच्या स्टिअरिंगवर बसू नये. कार, मोटारसायकल चालवायला हरकत नाही, ती मुदत शाबूत आहे. ट्रक मात्र अगदी पंपापर्यंतसुद्धा नको. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं आणि जुन्या ड्रायव्हरांच्या डोक्यात तोच महिना अजून बसलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातून ती सवलत काढून टाकली. त्यानंतर कोरोना आला. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली कागदपत्रं सरकार पुन्हा पुन्हा मुदतवाढ देत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध धरत गेलं, त्यामुळे 'चालतंय, नंतर बघू' ही सवय आणखी पक्की झाली. आता तसं काही नाही. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही विनालायसन्स. दंड ५,००० रुपये, कलम १८१ खाली. शिवाय अशा माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८० खाली वेगळा. वडिलांच्या मालकांना हे सांगा. चांगला मालक असेल तर तोच दोन दिवसांची सुट्टी देऊन त्यांना आरटीओत पाठवेल.

दंड हा त्यातला लहान भाग आहे. खरी धास्ती विम्याची. समजा या दोन महिन्यांत अपघात झाला असता. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नसणं हा विमा कंपनीला कायद्याने दिलेला बचाव आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंह या २००४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तिऱ्हाइताच्या बाजूने बरंच काही सांभाळलं. मालकाचा निष्काळजीपणा विमा कंपनीने सिद्ध करायचा, आणि अनेक प्रकरणांत तिने आधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना पैसे द्यायचे, मग मालकाकडून वसूल करायचे. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण वसुली म्हणजे काय? एक-दोन गाड्यांचा मालक असेल तर त्याची गाडी विकली जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावाही अशा वेळी अडकतो. आणि सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे: मुदत संपल्यावर केलेलं नूतनीकरण, ज्या दिवशी ते होतं त्या दिवसापासून लागू होतं. मागच्या तारखेपासून नाही. म्हणजे उद्या वडिलांचं लायसन्स रिन्यू झालं तरी हे मधले दोन महिने कोरेच राहणार. 'अपघातानंतर रिन्यू करून घेऊ' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

रिन्यू करणं तसं अवघड नाही. मुदत संपायच्या आधी वर्षभर आणि संपल्यावर वर्षभर अर्ज करता येतो, आणि त्या काळात ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. वर्ष उलटलं की पुन्हा ट्रॅकवर टेस्ट. पूर्वी ही मर्यादा ५ वर्षांची होती, तीही २०१९ मध्ये १ वर्षावर आली. तुमचे दोनच महिने गेलेत, त्यामुळे टेस्टचा प्रश्न नाही. नूतनीकरणाची मूळ फी २०० रुपये. रेंगाळत राहिलात तर उशिराच्या दर वर्षामागे, किंवा वर्षाच्या तुकड्यामागेही, १,००० रुपये चढत जातात. अर्ज परिवहनच्या 'सारथी' वेबसाइटवर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, सेवांमधून नूतनीकरण निवडा, फोटो-सही आणि मेडिकल चढवा, फी भरा. आरटीओत जायची वेळ मागितली तर ती घ्या. लायसन्स मूळ सोलापूरकडचं आहे म्हणून सोलापूरला चकरा मारायची गरज नाही. २०१९ पासून राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतो, तुम्हाला पिंपरी-चिंचवडचं ऑफिस जवळ पडेल. जुन्या पुस्तकावरचं लायसन्स असेल तर ते सारथीत दिसत नाही. मग मात्र आधी मूळ आरटीओकडून त्याची नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागते. वडिलांकडे कार्ड आहे, म्हणजे ती अडचण येऊ नये.

मेडिकलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चालढकल तिथेच होते. ट्रान्सपोर्ट लायसन्सला फॉर्म १ए लागतो, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरने तपासून दिलेला दाखला. (खासगी लायसन्सला ४० च्या आत स्वतःचं लेखी निवेदन पुरतं. ट्रान्सपोर्टला कुठल्याही वयात डॉक्टर लागतोच.) त्या फॉर्ममध्ये काय विचारलंय ते एकदा वाचा. चांगल्या उजेडात २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? नेहमीचे आवाज, हॉर्न ऐकू येतात का? फिट येते का? हातापायांत असा काही दोष आहे का, की ज्यामुळे गाडीवरचा ताबा सुटेल? वीस-पंचवीस वर्षं रात्रीचं ड्रायव्हिंग केलेल्या माणसाच्या बाबतीत यातला प्रत्येक प्रश्न खरा आहे. पण होतं काय, एजंट शंभर-दोनशे रुपयांत शिक्का मारून आणतो आणि ड्रायव्हरला कुणी तपासलेलंच नसतं. माझी कळकळीची विनंती आहे, वडिलांना खऱ्या डॉक्टरकडे न्या. साखर आणि रक्तदाब बघून घ्या, डोळे तपासून घ्या. नंबरप्लेट चष्मा लावून वाचता आली तरी फॉर्मला चालते, त्यामुळे चष्मा लागला म्हणून लायसन्स जाईल ही भीती बाळगू नका. मोतीबिंदू असेल तर तो वेळेत काढता येतो. आमच्याकडचे एक जुने ड्रायव्हर समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे 'फुटल्यासारखे' दिसतात म्हणायचे आणि एलईडीला शिव्या घालायचे. नूतनीकरणाच्या निमित्ताने तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, ते आजही गाडी चालवतात. रंग ओळखण्यात थोडा दोष असेल तरी लगेच नाउमेद होऊ नका. २०२० च्या जूनमध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांनाही लायसन्सची वाट मोकळी केली आहे. तीव्र असेल तर नाही.

आता तुमचं.

छोटा हत्ती चालवता येईल. यावर इतकी वर्षं गोंधळ होता की आजही दहा जण दहा उत्तरं देतील, म्हणून जरा नीट सांगतो. कायद्यात हलकं मोटार वाहन म्हणजे काय याची व्याख्या आहे. मालवाहू गाडी असेल तर तिचं मालासकट कमाल वजन ७,५०० किलोच्या वर नको. मग कारचं लायसन्स असणाऱ्याने ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवली तर ते चालतं की ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा लागतो? २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, शेरा लागत नाही. विमा कंपन्यांनी ते मान्य केलं नाही, विषय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला बजाज अलायन्झ विरुद्ध रंभादेवी या निकालात तेच कायम झालं: ७,५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन्स पुरे. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांना हे लागू नाही. पोटासाठी टेम्पो चालवणाऱ्या हजारो पोरांना या निकालाने मोठा आधार दिलाय, आणि मला तो मनापासून पटतो.

फक्त गाडीच्या नावावर जाऊ नका, आरसी बुक उघडा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन वेगळं आणि मालासकट एकूण वजन वेगळं लिहिलेलं असतं. तुम्हाला दुसरा आकडा बघायचा आहे. छोटा हत्ती त्या मर्यादेच्या खूप आत असतो. पण 'आयशर' या एका शब्दाखाली ७,५०० च्या आतल्याही गाड्या येतात आणि बाहेरच्याही. बाहेरून बघून कळत नाही, मालक 'चालतंय रे' म्हणतो. आरसी बघितल्याशिवाय चावी घेऊ नका. आणि काही कंपन्यांच्या गेटवर लहान गाडीलाही टीआरचा शेरा मागतात. कायद्याने लागत नसला तरी गेट त्यांचं आहे, तिथे निकाल वाचून दाखवून उपयोग होत नाही.

ट्रकसाठी मात्र सगळ्या अटी पाळाव्या लागतील. वय किमान २०, ते तुमचं झालंय. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं हवं, आणि ही अट पक्क्या लायसन्सला नाही, हेवीच्या शिकाऊ लायसन्सलाच आहे. म्हणजे चार महिन्यांनी तुम्ही शिकाऊसाठी अर्ज करू शकता, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट. शिकाऊची मुदत ६ महिने असते, तेवढ्यात टेस्ट पास व्हायची. शिक्षणाची अट उरलेली नाही. पूर्वी आठवी पास लागायचं, ते २०१९ च्या सप्टेंबरमध्ये काढून टाकलं. तरी आजही काही एजंट शाळेचा दाखला 'मॅनेज' करायचे पैसे मागतात. गावाकडच्या तुमच्या एखाद्या कमी शिकलेल्या मित्रालाही हे सांगून ठेवा.

फॉर्म ५ मात्र लागतो, म्हणजे परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचं शिकवल्याचं प्रमाणपत्र. इथेही विकत मिळणारा कागद आहे आणि खरं शिक्षणही आहे. आपल्याकडची पोरं हेवी कशी शिकतात ते तुम्ही बघितलंच असेल. क्लीनर म्हणून चढायचं, उस्तादाला झोप आली की पहाटे तीनला मोकळ्या हायवेवर स्टिअरिंग हातात. सरळ रस्त्यावर ट्रक कुणालाही पळवता येतो. पण उतारावर भरलेली गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं 'शिक्षण' त्याच उस्तादाकडून मिळतं, आणि त्यानेच घाटात माणसं मरतात. चांगली शाळा तुम्हाला पहिल्या दिवशी गाडी चालवू देणार नाही. इंजिन चालू करून आधी हवेचा काटा बघायला लावेल. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नसते, बझर वाजत असताना गिअर टाकायचा नसतो. मग आरसे लावणं, मग खाली उतरून टायर आणि मागचे दिवे बघणं, मग रिव्हर्स. टेस्टमध्ये बहुतेकांची दांडी रिव्हर्सलाच उडते, कारण कारसारखं मान वळवून मागे बघता येत नाही, दोन आरशांवरच भरवसा ठेवावा लागतो. शाळा निवडताना एवढंच विचारा: 'तुमची स्वतःची हेवी गाडी आहे का, आणि मी तिच्यावर किती तास बसणार?' उत्तर देताना चाचरला तर पुढची शाळा बघा.

केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त मोठी प्रशिक्षण केंद्रंही निघाली आहेत. हा नियम १ जुलै २०२१ पासून आहे. तिथे हेवीचा कोर्स ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो पास झालात की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. तुमच्या आवाक्यात असं केंद्र असेल तर माझं मत तिकडे जा असंच आहे. पैसे आणि वेळ जास्त लागेल, पण आयुष्यभराच्या धंद्याला सहा आठवडे जास्त नाहीत.

सरकारी फी सगळी मिळून शेकड्यांत असते. कुणी पंधरा-वीस हजारांचं 'पॅकेज' सांगितलं तर त्यात शिकवण्याचे किती आणि बाकीचे कशाचे, हे तोंडावर विचारा.

बॅजचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. मालवाहतुकीला बॅज लागत नाही. उद्या एसटीत किंवा कंपनीच्या बसवर, टॅक्सी-रिक्षावर जायचं ठरवलंत तर प्रवासी वाहनाचा बॅज वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. एसटीच्या भरतीवर डोळा असेल तर हेवी मिळाल्यावर लगेच बॅजच्या मागे लागा, जाहिरात आल्यावर धावपळ करून तो वेळेत हातात पडत नाही.

पेट्रोल, गॅस, केमिकलच्या टँकरला पगार बरा मिळतो, म्हणून बरीच पोरं तिकडे वळतात. मनमाडजवळ पानेवाडीतून निघणाऱ्या टँकरांवर आपल्या भागातली कितीतरी माणसं आहेत. त्यासाठी लायसन्सवर धोकादायक मालाचा वेगळा शेरा लागतो. आधी तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि इंग्रजीसह एक भारतीय भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे, कारण टँकरवरची सूचना पाटी वाचता न येणारा माणूस गळती झाली तर काय करणार? या शेऱ्याची मुदत ३ वर्षं, आणि दर नूतनीकरणाला एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याची तारीख वेगळी छापतात. म्हणजे टँकर ड्रायव्हरला तीन तारखा लक्षात ठेवायच्या. तुमचा तो विचार असेल तर आधी दोन वर्षं साध्या ट्रकवर काढा, असं मी सांगेन.

हेवी हातात आलं की ते टिकवणं तुमच्या हातात आहे. ओव्हरलोड, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू, मालाच्या गाडीत माणसं बसवणं, यासाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करायला सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सांगितलंय. ओव्हरलोडचा फायदा मालकाला होतो आणि लायसन्स तुमचं जातं. भरताना काट्याची पावती स्वतः मागून घ्या.

वडिलांचा अर्ज भरलात की पोहोच क्रमांक येतो, तो मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्याच क्रमांकावर होते. मंजुरी झाली की डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये नवी टीआर तारीख दिसायला लागते. पोस्टाने कार्ड यायला वेळ लागला तरी हे डिजिटल लायसन्स रस्त्यावर कायद्याने चालतं. ती नवी तारीख तुम्ही स्वतः बघा, मालकांना स्क्रीनशॉट पाठवा, आणि त्यानंतरच त्यांना गाडीवर पाठवा.